मोजणाऱ्याचा पगार कोण देतं? सुरतेची धुराडी आणि धुराचा बाजार

तापीकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतो आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय सुरतेचा आहे. पण खान्देशातल्या घरोघरचं कोणी ना कोणी सुरतेत असतंच, म्हणून इथेच मांडावासा वाटला.

आमचे वडील १९८३ साली पाचोऱ्याकडून सुरतेला आले आणि एका डाइंग मिलमध्ये बॉयलरवर कोळसा टाकायला लागले. आम्ही लिंबायतमध्ये राहायचो. उन्हाळ्यात आई गच्चीवर ज्वारीचे बिबडे घालायची आणि वरून जुनं पातळ पसरायची. संध्याकाळी ते पातळ उचललं की त्यावर बारीक काळी राख असायची. ती पातळ झटकायची, बिबडे आत घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या राखेला कोणी प्रदूषण म्हणत नव्हतं. मिल चालू आहे म्हणजे पगार चालू आहे, एवढाच तिचा अर्थ होता.

गेली चौदा वर्षं मी धुराड्यांतून नमुने घ्यायचं काम करतो. बाहेरून पाहणाऱ्याला ते काय असतं कळत नाही, म्हणून थोडं सांगतो. शिडीने चढून धुराड्याच्या मध्यावरच्या प्लॅटफॉर्मवर जायचं. तिथे एक भोक असतं, त्याचं झाकण खोलून आत नळी घालायची. नळीच्या तोंडाशी काचतंतूंची एक छोटी टोपी असते, तिला थिंबल म्हणतात. वर येण्याआधी ती वाळवून, काट्यावर तोलून आणलेली असते. धुराड्यात धूर ज्या वेगाने वर जातो त्याच वेगाने पंपाने तो नळीत ओढायचा. वेग चुकला तर आकडा चुकतो. मग थिंबल परत नेऊन, वाळवून पुन्हा तोलायची. वाढलेलं वजन म्हणजे धुरातली राख. नियम आहे एका घनमीटरला दीडशे मिलिग्रॅमचा. म्हणजे साधारण सहा-सात तांदळाच्या दाण्यांचं वजन. सगळी कायदेशीर लढाई त्या सहा-सात दाण्यांवर चालते.

आता गंमत नाही, दुःख सांगतो. माझ्या पहिल्या वर्षी एका कारखान्यात मी वर चढेपर्यंत बॉयलरची आग निम्मी केलेली होती. खाली उतरल्यावर कोळसा पुन्हा पूर्ण सुरू. मी ते लिहायला घेतलं तर आमच्या लॅबचे साहेब म्हणाले, पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्या लॅबला जाईल. बिल तो कारखानाच भरणार होता. मी आकडा जसा आला तसाच लिहिला, पण आग कमी होती हे लिहिलं नाही. आजही मला ते खटकतं.

म्हणूनच २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वाचला तेव्हा कोणीतरी माझीच गोष्ट लिहिली आहे असं वाटलं. एस्थर डुफ्लो (ज्यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं), मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर अहमदाबाद आणि सुरत भागातल्या ४७३ कारखान्यांवर दोन वर्षं प्रयोग केला. गुजरातेत १९९६ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने कारखान्यांचं पर्यावरण ऑडिट होतं, पण ऑडिटर कारखानाच निवडतो आणि पैसेही तोच देतो. या ऑडिटरांच्या अहवालात धुळीची मर्यादा ओलांडणारे कारखाने होते फक्त ७ टक्के. त्याच कारखान्यांवर स्वतंत्र माणसं पाठवून मोजलं तर ५९ टक्के. आणि अहवालातले आकडे कुठे गोळा झाले होते? १५० च्या किंचित खाली.

मग अर्ध्या कारखान्यांसाठी पद्धत बदलली. ऑडिटर चिठ्ठीने ठरणार, फी ठरलेली आणि एका सामायिक निधीतून, आणि काही मोजमापं दुसरा माणूस जाऊन पुन्हा तपासणार. माणसं तीच, यंत्रं तीच. पण खोटं ‘नियमात आहे’ लिहिण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी घटलं. आणि खरं मोजलं जातंय म्हटल्यावर कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. गुजरातने २०१५ मध्ये नियम त्या दिशेने बदलले.

आता ज्यासाठी धागा काढला तो दुसरा अभ्यास, २०२५ सालचा, क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आलेला. ग्रीनस्टोन, पांडे, रायन आणि अनंत सुदर्शन. सुरतेत २०१९ साली धुळीचा, म्हणजे धुरातल्या राखेचा, बाजार सुरू झाला. धूलिकणांसाठी असा बाजार जगात पहिलाच. कोळसा आणि लिग्नाइट जाळणारे ३१७ कारखाने, बहुतेक कापड प्रक्रियेचे. सगळ्यांच्या धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रं बसवली. त्यातले निम्मे चिठ्ठीने बाजारात घेतले, उरलेले जुन्याच नियमांवर ठेवले.

निकाल असा: बाजारातल्या कारखान्यांची राख दुसऱ्या गटापेक्षा २० ते ३० टक्के कमी. सोडलेल्या राखेपुरते परवाने कारखान्यांकडे ९९ टक्के वेळा होते. आणि तेवढंच प्रदूषण आवरायचा खर्च ११ टक्क्यांनी कमी. लोकांच्या आरोग्याचा फायदा खर्चाच्या किमान २५ पट.

बाजार, परवाने, लिलाव यावर वर्तमानपत्रांत बरंच आलं. मला मात्र यातली खरी गोष्ट वेगळी वाटते. बाजार चालला कारण आकडा खरा झाला. तुम्हाला काय वाटतं?

---

धुळ्याची_लेक

बरं शे ना भाऊ? बिबड्यांचं वाचून एकदम आजी आठवली. माझे दोन मामा सुरतेतच उधन्याला आहेत.

विषय महत्त्वाचा आहे, पण मला बाजार म्हणजे नक्की काय ते कळलं नाही. धूर विकत कसा घेतात? मी नववी-दहावीला शिकवते. मुलांना सांगता येईल असं सांगा.

---

तापीकाठ

ताई, दहा गाळ्यांच्या चाळीचा विचार करा. पाण्याची टाकी एक. महिन्याला किती पाणी वापरायचं ते आधी ठरलं. प्रत्येक घराला हंड्यांच्या हिशेबाने चिठ्ठ्या वाटल्या. ज्याच्या घरी माणसं कमी त्याच्या चिठ्ठ्या उरल्या, त्याने शेजाऱ्याला विकल्या. टाकीतून जाणारं एकूण पाणी मात्र तेवढंच राहिलं.

सुरतेत सगळ्या कारखान्यांनी मिळून किती किलो राख सोडायची याची मर्यादा मंडळाने ठरवली, आणि ती पुढे टप्प्याटप्प्याने खाली आणली. एक परवाना म्हणजे एक किलो. ८० टक्के परवाने फुकट वाटले, बाकीचे लिलावात. मुदत संपेपर्यंत जेवढी राख सोडली तेवढे परवाने हातात हवेत. दर किलोला किमान ५ रुपये, कमाल १०० रुपये. कमी पडले तर आधी भरून ठेवलेल्या अनामतीतून कमाल दराच्या दुप्पट कापणार.

यातला एक बदल वरून छोटा दिसतो, पण माझ्या मते सगळ्यात मोठा आहे. जुना नियम दाटपणावर होता, एका घनमीटरात किती मिलिग्रॅम. धुरात बाहेरची हवा मिसळली की दाटपणा कमी होतो, राख मात्र तेवढीच बाहेर पडते. शिवाय कारखाना आठ तास चालला काय की चोवीस तास, आकडा तोच. बाजारात एकूण किलो मोजतात. तिथे हवा मिसळून काही साधत नाही.

---

धुळ्याची_लेक

टाकीचं उदाहरण उद्याच वर्गात वापरते.

---

बोईसरकर

मला हे पटत नाही आणि स्पष्ट लिहितो. आम्ही तारापूर एमआयडीसीच्या शेजारी राहतो. २०१८ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात तारापूर देशात सगळ्यात वर होतं, ९३.६९. रात्री दोनला वासाने जाग येते, खिडक्या बंद कराव्या लागतात, मे महिन्यातसुद्धा. अशा माणसाला ‘परवाना घेऊन प्रदूषण करा’ ही भाषा ऐकवत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो परवाने विकत घेईल आणि माझ्याच घरामागे धूर सोडत राहील. शहराची बेरीज कमी झाली, पण माझ्या गल्लीत वाढली तर मी त्या बेरजेचं काय करू?

आणि जे चुकीचं आहे ते चुकीचंच. त्याची किंमत ठरवायची कशी?

---

तापीकाठ

दादा, तुमचा गल्लीचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. तो मी बाजूला सारणार नाही. राख धुराड्याच्या आसपासच जास्त पडते, म्हणून कोण कुठे सोडतो याने फरक पडतो. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही, तो तारापूरला सोडला काय की पंढरपूरला, पृथ्वीला सारखाच. त्यामुळे राखेच्या बाजाराला शहरापुरतं ठेवावं लागतं, आणि एका धुराड्यासाठीची जुनी मर्यादा सोडून देता कामा नये.

तुमच्याकडचा मुख्य त्रास रसायनांच्या वाफांचा आणि सांडपाण्याचा आहे. त्यावर हा बाजार औषध नाही. शेकडो वेगवेगळी रसायनं एका चिठ्ठीत बसवता येत नाहीत.

पण ‘परवाना’ या शब्दावर एक सांगू का? परवाना आजही आहेच. दीडशेपर्यंतची राख सगळ्यांना फुकट आहे, आणि त्यावर सोडली तर बहुतेकांना काहीच होत नव्हतं. याच अभ्यासात जुन्या नियमावर राहिलेले कारखाने किमान एक तृतीयांश वेळा मर्यादेच्या बाहेर होते. १९८१ च्या हवा कायद्यात मंडळाच्या हातात मुख्य हत्यारं दोनच होती, कारखाना बंद करणं किंवा फौजदारी खटला. दोन्ही इतकी जड की उचलली जात नव्हती. तीनशे कामगारांची मिल थोडी राख जास्त आली म्हणून कोण बंद करणार? २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तुरुंगाऐवजी दंड आणला, तोवर कायद्यात मधलं फारसं काही नव्हतं.

---

बोईसरकर

बंद करणं जड आहे हे मान्य. पण मग तपासण्या वाढवा ना. बाजार कशाला?

---

तापीकाठ

तेही करून पाहिलंय. याच मंडळींचा २०१८ चा अभ्यास आहे, तोही गुजरातचाच. काही कारखान्यांच्या तपासण्या जवळजवळ दुप्पट केल्या. पत्रव्यवहार वाढला, नोटिसा वाढल्या, पण सरासरी प्रदूषणात म्हणावा असा फरक पडला नाही. कारण मंडळाचे अधिकारी स्वतःच्या अंदाजाने जिथे जातात, तिथे बऱ्याचदा खरंच वाईट कारखाने असतात. वाढीव तपासण्या चिठ्ठीने ठरल्या, त्या बऱ्याचशा बेताचं प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांवर गेल्या. अधिकारी सगळे भ्रष्ट असं आपण सहज म्हणतो. त्या अभ्यासाने उलट दाखवलं की स्थानिक अधिकाऱ्याला जागेची माहिती असते. त्याच्या हातात माहिती आणि बळ दोन्ही कमी पडतं.

---

वस्त्रनगरीतला

इचलकरंजीहून लिहितोय. आमचं कापड रंगवायचं छोटं प्रोसेस हाउस आहे, वडिलांपासूनचं. एकच बॉयलर. या चर्चेत कारखानदार म्हटला की खलनायकच ठरतो, म्हणून दुसरी बाजू लिहायला बसलो.

बॅग फिल्टर, म्हणजे धुरातली राख पिशव्यांनी गाळणारं यंत्र, बसवायचा म्हणजे एकदाचा खर्च नाही. आतल्या पिशव्या फाटतात. ओला धूर आला की चिकटतात. ओलं जळण आलं की रात्रपाळीचा माणूस वैतागून बायपास उघडतो, म्हणजे धूर फिल्टर टाळून सरळ बाहेर सोडतो, कारण नाहीतर वाफेचा दाब पडतो आणि जेटमधलं, म्हणजे रंगवायच्या यंत्रातलं, कापड खराब होतं. हजारो मीटर कापडाचा रंग उतरला की तो तोटा आमच्याच अंगावर. मी त्याला दोष देत नाही, त्याला तिथे रात्री तीनला एकट्याने निर्णय घ्यायचा असतो.

आता प्रश्न. सुरतेत हे ११ टक्के खर्च कमी झाला म्हणता, तो नक्की कोणाचा झाला? छोट्याचा की मोठ्याचा?

---

तापीकाठ

भाऊ, तुम्ही लिहिलंत ते बायपासचं वाक्य मी कुठल्याही अहवालात वाचलेलं नाही, आणि ते शब्दशः खरं आहे. आभार.

११ टक्के हा सगळ्यांचा मिळून आकडा आहे, राख तेवढीच आवरायची धरली तर. कारण असं: एखाद्या मिलने आधीच चांगली यंत्रणा लावलेली असते, तिला आणखी एक किलो आवरायला फक्त यंत्रणा नीट चालवावी लागते. दुसऱ्याकडे जागाच नाही, त्याला तोच एक किलो फार महाग पडतो. जुन्या नियमात दोघांना एकच फूटपट्टी. बाजारात पहिला जास्त आवरतो आणि उरलेले परवाने दुसऱ्याला विकतो.

आणि मी धुराड्यांवर जे पाहिलं ते सांगतो. राख अडवायची यंत्रणा बहुतेकांकडे आधीपासून होतीच. सायक्लोन होता, बॅग फिल्टर होता, कुठे स्क्रबरही होता. फक्त ती चालू नसायची. पिशव्या फाटलेल्या, स्क्रबरचं पाणी बंद. रोजच्या किलोची किंमत लागली तशी पिशव्या वेळेवर बदलायची सवय लागली. रात्री तीनचा बायपाससुद्धा यंत्राला दिसतो, तेव्हा मालक त्या रात्रपाळीवाल्याला ओलं जळण देणं थांबवतो.

---

वस्त्रनगरीतला

हे शेवटचं पटलं. जळण खरेदी करणारा आणि बॉयलर चालवणारा वेगळे असतात, आणि शिव्या चालवणाऱ्याला पडतात.

---

उत्तर_समुद्र

रॉटरडॅमहून. मी इथे मोठ्या उद्योगांच्या उत्सर्जनाचे हिशेब तपासायच्या कामात आहे, म्हणून थोडी भर घालतो.

युरोपने कार्बनचा बाजार २००५ ला सुरू केला. पहिल्या टप्प्यात परवाने गरजेपेक्षा जास्त वाटले गेले, कारण कोण खरं किती सोडतो याचे पडताळलेले आकडेच हाताशी नव्हते, उद्योगांनी सांगितलेल्या अंदाजांवर वाटप झालं. पडताळलेले आकडे २००६ ला बाहेर आले आणि भाव कोसळला, २००७ च्या अखेरीस जवळजवळ शून्यावर. पुढे जादा परवाने बाजूला काढून ठेवायची व्यवस्था २०१९ पासून लागू झाली, त्याच सुमारास भावाला वजन आलं. अमेरिकेतला गंधकाच्या धुराचा बाजार (१९९० चा कायदा, १९९५ पासून प्रत्यक्ष) सुरळीत चालला, कारण तिथे वीजकेंद्रांच्या धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रं सुरुवातीलाच सक्तीची होती. म्हणजे तापीकाठ म्हणतात ते तीन खंडांत दिसतं.

मला एक शंका आहे. सतत मोजणारं यंत्र धूळ थेट तोलत नाही ना? ते प्रकाश किंवा विद्युतभारावरून अंदाज बांधतं. मग त्याला कोण खरं ठरवतं?

---

तापीकाठ

बरोबर जागेवर बोट ठेवलंत. यंत्र फक्त एक संकेत देतं. त्या संकेताला मिलिग्रॅममध्ये बदलायला आमच्यासारख्या माणसाला थिंबल घेऊन वर चढावंच लागतं. एकाच वेळी हाताने घेतलेला नमुना आणि यंत्राचा संकेत, अशा अनेक जोड्या घेऊन प्रमाण काढतात. जळण बदललं, लिग्नाइटच्या जागी आयात कोळसा आला, की राखेचा कण बदलतो आणि प्रमाण पुन्हा तपासावं लागतं. म्हणजे फिरून प्रश्न तिथेच: थिंबल तोलणाऱ्याला पैसे कोण देतो?

सुरतेत आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. यंत्र बंद पडलं आणि आकडेच आले नाहीत, तर त्या वेळेची राख शून्य धरायची नाही, उलट चढी धरायची. त्यामुळे यंत्राची वायर काढून ठेवण्यात कोणाचा फायदा उरला नाही. मी एका मिलमध्ये पाहिलं, पूर्वी ज्या केबिनला कुलूप असायचं तिथे आता मालकाचा मुलगा रोज सकाळी स्क्रीन बघायला येतो.

---

चंद्रपूरची_माती

हे सगळं वाचून मन भरून आलं आणि रागही आला. आम्ही चंद्रपूरकर. २९२० मेगावॉटचं वीजकेंद्र, कोळशाच्या खाणी, सिमेंट. २००९ च्या देशपातळीवरच्या निर्देशांकात आम्ही पहिल्या पाचात होतो. वीजकेंद्रांसाठी गंधकाचे कडक नियम डिसेंबर २०१५ ला आले, दोन वर्षांची मुदत होती. मुदत वाढत गेली. आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक युनिटांना गंधक काढायच्या यंत्रणेतून सूटच मिळाली. दहा वर्षं वाट पाहून सूट. मुंबईत दिवे लागतात, राख आमच्या कापसावर बसते.

महाराष्ट्राने यातलं काही केलंय का?

---

तापीकाठ

ताई, एक केलंय. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ ला कारखान्यांना तारे द्यायची योजना सुरू केली, धुराड्याच्या नमुन्यांवरून एक ते पाच तारे, आणि ते सगळ्यांना पाहता येतात. माझ्या मते चांगली सुरुवात होती. पण तारा नमुन्यावरून ठरतो. नमुना खरा असेल तरच तारा खरा.

देशपातळीवर २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली आहे. तिच्यात एकूण टनांवर मर्यादा नाही, एक टन माल बनवताना किती उत्सर्जन होतं यावर लक्ष्य आहे. उत्पादन दुप्पट झालं तर एकूण उत्सर्जन वाढू शकतं, नियम न मोडता. सुरतेच्या धुळीच्या बाजाराने एकूण किलो धरले होते. हा फरक लोकांपर्यंत पोहोचलेलाच नाही.

---

उत्तर_समुद्र

दुजोरा. आणि युरोपची सीमेवरची कार्बन आकारणी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू आहे. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट पाठवणाऱ्याला उत्सर्जनाचा पडताळलेला आकडा द्यावा लागतो. तो नसेल तर ठोकळ आकडा लावतात, आणि तो सहसा महाग पडतो. ‘आकडे नसतील तर चढे धरा’ हे सुरतेचंच तत्त्व झालं. खरं मोजणाऱ्या भारतीय कारखान्याला ठोकळ आकड्याचा भुर्दंड तरी पडत नाही.

---

बोईसरकर

काल जरा चिडून लिहिलं. बाजाराबद्दल माझं मत अजून तेच आहे, पण मोजणाऱ्याच्या पगाराचा मुद्दा डोक्यातून जात नाही. आमच्या भागातल्या प्रत्येक जनसुनावणीत आमच्यासमोर अहवाल ठेवतात, सगळे आकडे मर्यादेत. आम्ही नाकाने विरोध करतो, ते कागदाने उत्तर देतात. तो कागद कोणाच्या पैशाने तयार झाला हे आजवर एकदाही विचारलं नाही.

---

चंद्रपूरची_माती

तेच. आमच्या गटाने माहिती अधिकारात अर्ज करायचं ठरवलंय. तापीकाठ, नेमकं काय मागू? ‘प्रदूषणाची माहिती द्या’ म्हटलं की मर्यादेत असल्याचं एका ओळीचं उत्तर येतं.

---

तापीकाठ

ताई, अहवाल मागू नका. अहवालात फक्त शेवटचा आकडा असतो. हे मागा.

त्या धुराड्याच्या नमुन्याची मैदानी नोंदवही, तिची छायाप्रत. तिच्यात थिंबलचा क्रमांक, नमुन्याआधीचं वजन आणि नंतरचं वजन, नमुना किती मिनिटं घेतला, धुराचा वेग, तापमान, आणि त्या वेळी युनिट किती क्षमतेवर चालू होतं हे लिहिलेलं असलं पाहिजे. शेवटचा रकाना सगळ्यात आधी बघा. तो रिकामा असेल तर तसं लिहून पुन्हा विचारा. वीजकेंद्राचं असेल तर त्या तासाला किती मेगावॉट वीज बनली याची नोंद वेगळ्या ठिकाणी असते, ती मागवून ताडून पाहा.

सतत मोजणाऱ्या यंत्राचे त्या महिन्याचे पंधरा-पंधरा मिनिटांचे आकडे, सरासरी नको. ज्या वेळा रिकाम्या आहेत त्यांची यादी, आणि यंत्र शेवटचं कधी आणि कोणी पडताळलं त्याचा दाखला.

आणि प्रयोगशाळेला पैसे कोणी दिले, त्या बिलाची प्रत.

उत्तर आलं की नावं झाकून इथे टाका, मी वजनांची वजाबाकी करून देतो. दोन थिंबलांची वाढ अगदी एकसारखी आली असेल तर मला लगेच सांगा, खऱ्या धुरात तसं होत नाही.